न्हाणीघराखालची भिंत

ताई जिथं काम करायची ती खोली इतकी कोरडी होती की तिथं रडू आलं तरी गालावर पोचेपर्यंत वाळून जाईल, असं तिच्यासोबतच्या बायका म्हणत. पाण्यात टाकली की फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांचा तो कारखाना. या गोळ्यांना पाण्याचा थेंब तर सोडाच, हवेतला दमटपणासुद्धा सोसत नाही. उघड्यावर राहिल्या की त्या आपल्या आपणच कुरकुरतात, फुगतात, आणि मग नळीतून गोळीऐवजी भुगा बाहेर येतो. म्हणून पॅकिंगच्या खोलीत मोठाली यंत्रं दिवसभर हवेतलं पाणी ओढून काढत. भिंतीवर दमटपणाचा काटा होता. तो विसाच्या पुढे सरकला की काम बंद.

ताई तिथं एकवीस वर्षं उभी होती. नळीत दहा गोळ्या, वर झाकण, झाकणाच्या पोटात ओलावा शोषणारे बारीक खडे. नळी, गोळ्या, झाकण. संध्याकाळी बाहेर पडायची तेव्हा ओठ फुटलेले असत आणि बोटांची टोकं कागदासारखी खरखरीत झालेली असत. आणि घरी आलं की आईच्या खोलीतली भिंत ठिबकत असे.

बावन्न वर्षांच्या ताईचं लग्न राहून गेलं होतं. का राहून गेलं ते आता तिलाही नीट आठवत नव्हतं. धाकटा भाऊ दूर नोकरीला. त्याची ती ताई, म्हणून आईचीही ताई, जिन्यातल्या सगळ्यांची ताई आणि कारखान्यातही ताईच. आई ऐंशीला टेकलेली. गुडघे गेले होते आणि छातीत कायम कफ. पलंग, खुर्ची आणि पलंगाखालचं भांडं, एवढ्यात तिचा दिवस संपे. जीभ मात्र ठणठणीत.

त्यांच्या तळमजल्यावर तीन खोल्या होत्या. मागची खोली त्यांना चौदा वर्षांपूर्वी मिळाली. त्याआधी ते शेजारच्या वाण्याचं कोठार होतं. त्यानं धंदा आटोपला, घरमालकानं खोलीला चुना फासला आणि रस्त्याच्या आवाजानं झोप उडालेल्या आईनं आपला पलंग तिथं नेला. पहिले काही महिने बरे गेले. मग हवा जड व्हायचे दिवस आले आणि पलंगामागची भिंत ओली झाली. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत; त्याच्यावर खडखडीत. हात लावला तर तळवा भिजायचा. कोरड्या दिवसांत तीच भिंत वाळायची, तिच्यावर पिठासारखं पांढरं यायचं, चुना फुगून पापुद्रे पडायचे.

त्या खोलीच्या बरोबर वर काकूंचं न्हाणीघर होतं, आणि न्हाणीघराचा पाइप याच भिंतीतून खाली उतरत होता. मग आणखी काय हवं होतं?

वरच्या काकू आणि आई एकेकाळी इतक्या गळ्यात गळा की एकीच्या घरी कुकरची शिट्टी झाली की दुसरी गॅस बंद करायची, असं काका चेष्टेनं म्हणत. काका म्हणजे काकूंचे यजमान, छापखान्यात होते. पहिल्या वर्षी आईनं काकूंना नीट सांगितलं. काकूंनी लगेच नळवाल्याला बोलावून पाइप बदलला. दुसऱ्या वर्षी भिंत पुन्हा ओली. काकूंनी न्हाणीघराची फरशी उखडून नवी बसवली. तिसऱ्या वर्षी भिंत पुन्हा ओली, तेव्हा मात्र आईचा आवाज चढला आणि काकूंचाही. आईला खोकल्यानं झोप नव्हती आणि आईच्या खोकल्यानं ताईला नव्हती. अशाच एका संध्याकाळी कामावरून आलेल्या ताईनं जिन्यात, चार माणसांसमोर, काकूंना अडवलं होतं.

"पाइप बदलला, फरशी बदलली, सांगताय खरं. पण पाणी कुठं मुरतंय ते आम्हाला दिसतंय. आमची म्हातारी मेल्यावरच बंद करणार आहात का?"

काकूंच्या हातात औषधाची पिशवी होती, ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली होती आणि वर गेल्या होत्या. आठवड्याभरानं जिन्यातल्या कुणीतरी निरोप आणला, की वरच्यांनी न्हाणीघराला कुलूप लावलंय, आता तिथं थेंबही सांडत नाही. तरी पुढच्या दमट दिवसांत भिंत ओली झालीच.

"कुलूप लावलंय म्हणे!" आई म्हणाली होती. "किल्ली कुणाकडे आहे? तिच्याकडेच ना?"

तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांना पाण्यात पाहत होती. पुढे काका वारले, तेव्हा ताई दारापर्यंत जाऊन आली. आईनं पलंगावरून नुसतं छताकडे पाहिलं. अशी अकरा वर्षं गेली होती.

*

या वर्षी भिंतीचा एक मोठा पोपडा, थाळीएवढा, आईच्या उशीवर पडला. आई तेव्हा खुर्चीत होती म्हणून निभावलं. ताईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावून आणलं.

गवंडी बारीक चणीचा, कमी बोलणारा. त्यानं आधी छताकडे पाहिलं. मग भिंतीवर, ओल संपते त्या रेषेवरून, बोट फिरवलं. ती रेष पट्टीनं आखावी तशी सरळ होती.

"वरून गळतंय म्हणता. मग छत का कोरडं?"

"पाइप भिंतीतून आहे ना," पलंगावरून आई म्हणाली. "आतल्या आत झिरपतंय. आणि झिरपवणारीला बरोबर माहीत आहे कुठं झिरपवायचं ते."

गवंड्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं खालून गिलाव्याचा एक तुकडा काढला, धोतराला पुसावा तसा तो विजारीला पुसला आणि सरळ जिभेला लावला. दोन क्षण तोंड वाकडं करून उभा राहिला.

"ताई, ही भिंत गळत नाही. खारट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मीठ आहे आत. पूर्वी काय होतं इथं?"

"वाण्याचं कोठार."

"मिठाची पोती ठेवली असतील भिंतीला लावून. छातीएवढी थप्पी. मीठ विटेत उतरलं. आता हवा दमट झाली की ते मीठ हवेतलंच पाणी ओढतंय. मिठाची बरणी उघडी राहिली की मिठाला पाणी सुटतं ना, तसं."

ताई त्या तुकड्याकडे बघत राहिली. "नक्की?"

"जीभ माझी आहे," गवंडी म्हणाला, "पण जिभेचं कागदावर लिहून देत नाही मी. कुणा शिकलेल्या माणसाला दाखवा. मग सांगा, काय करायचं ते."

तो गेल्यावर आई म्हणाली, "वरचीनं पाठवला असेल."

"मी शोधून आणलाय त्याला, आई."

"तुला शोधता येईल असा उभा केला असेल."

ताई हसलीसुद्धा नाही. उशीची खोळ झटकून तिनं दुसरी घातली आणि आईला पलंगावर घेतलं. आईला उचलताना तिच्या स्वतःच्या कमरेत कळ आली. ती कळ आता रोजचीच होती, घरातल्या माणसासारखी.

*

कारखान्यात गोळ्या तपासणाऱ्या एक मॅडम होत्या. जाड भिंगाचा चष्मा, डबा नेहमी उभ्यानं खाणाऱ्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. ताईनं रुमालात बांधलेला तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रथमच तिला बसायला स्टूल दिलं.

मॅडमनी तुकड्याची थोडी पूड पाण्यात ढवळली, गाळली आणि त्या नितळ पाण्यात एका बाटलीतले दोन थेंब सोडले. पाण्यात एकदम पांढरं दाटून आलं, दूध नासावं तसं.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या. "भरपूर आहे. पण एवढ्यानं भांडण मिटायचं नाही तुमचं. थांबा."

उरलेला तुकडा त्यांनी भट्टीत वाळवला आणि वजन करून आकडा लिहिला. मग एका काचेच्या बरणीत तळाशी वाटीभर पाणी ठेवलं, वर जाळी, जाळीवर तुकडा, आणि झाकण लावलं. "पाणी त्याला शिवणार नाही. फक्त हवा शिवणार. उद्या या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई गेली. बरणीतला तुकडा काळपट, चिंब झाला होता. त्याच्या कडेला एक थेंब लोंबत होता. मॅडमनी वजन केलं आणि दोन्ही आकडे तिच्यासमोर धरले. दहाव्या हिश्शानं वजन वाढलं होतं.

"हे पाणी कुठून आलं?" मॅडमनी विचारलं.

"हवेतून," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"हवेत जेवढं पाणी मावू शकतं त्याच्या पाऊण हिश्शाहून जास्त झालं की मीठ ते ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. हवा कोरडी झाली की पाणी उडून जातं आणि मीठ पुन्हा खडा होऊन बसतं. खडा होताना जागा मागतं, म्हणून तुमचा गिलावा फुटतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "घरी एक करा. भिंतीच्या ओल्या भागावर हातभर प्लास्टिक चिकटवा. चारी बाजूंनी पक्कं, हवा आत जाता कामा नये. कोरड्या दिवशी चिकटवा आणि दमट दिवसाची वाट बघा. पाणी भिंतीच्या आतून येत असेल तर प्लास्टिकच्या खालीही भिजेल. हवेतून येत असेल तर खाली कोरडं राहील."

ताई उठली.

"एक सांगू का?" मॅडम म्हणाल्या. त्या सौम्यपणेच म्हणाल्या. "एकवीस वर्षं तुम्ही झाकणात हेच खडे भरताय."

"हो," ताई म्हणाली. "काखेत कळसा."

प्लास्टिक चिकटवलं त्याच्या सहाव्या दिवशी हवा इतकी जड झाली की दाराची कडी ओलसर लागत होती. कामावरून आल्यावर ताईनं चप्पलही न काढता भिंत पाहिली. प्लास्टिकच्या चारी बाजूंनी भिंत काळी पडून चमकत होती, खालच्या बाजूला थेंब ओघळत होते. तिनं चिकटपट्टी सोडवली. मधला हातभर चौकोन कोरडा होता. नुसता कोरडा नव्हे, त्याच्यावरचं पांढरं पीठसुद्धा जागच्या जागी होतं.

"बघितलंस आई?"

आईनं मान वाकडी करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "प्लास्टिक लावलं होतंस, म्हणून तिनं तेवढ्या जागी पाणी सोडलं नसेल."

"तिला काय माहीत मी प्लास्टिक लावलंय?"

"तिला सगळं माहीत असतं."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. आपल्याला आनंद व्हायला हवा, निदान सुटल्यासारखं तरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. वाटलं ते एवढंच, की कुणीतरी फार वर्षांपूर्वी पाठीवर ओझं ठेवलं होतं आणि आज सांगितलं, की हे वाहायचं नव्हतंच. पाठ काही त्यानं सरळ झाली नाही. आणि जिन्यातलं ते वाक्य तिला अख्खं आठवलं, शब्दन्‌शब्द. काकूंच्या हातातली औषधाची पिशवीही आठवली.

*

रविवारी सकाळी ती वर गेली. काकूंनी दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून अर्धा चेहरा दिसला. अकरा वर्षांत जिन्यात येता-जाता त्यांनी एकमेकींच्या फक्त चपला पाहिल्या होत्या.

"आई बरी आहे ना?" काकूंनी पहिलं तेच विचारलं.

"बरी आहे. काकू, मला बोलायचंय."

साखळी निघाली. खोली तीच होती, फक्त सामान कमी झालं होतं. न्हाणीघराच्या दाराला अजून कुलूप होतं आणि दारासमोर कपड्यांची घडवंची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मोरीपाशी, एक पडदा लावला होता. पडद्यामागे बादली, पाट आणि साबण. काकू तिथं अंघोळ करत होत्या, गुडघे पोटाशी घेऊन.

ताईनं उभ्यानंच सगळं सांगितलं: गवंड्याची जीभ, मॅडमची बरणी, प्लास्टिकचा चौकोन. मध्ये एकदाही न थांबता, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. काकू ऐकत होत्या. त्यांच्या हातात भाजीची सुरी होती, ती तशीच राहिली होती.

"मीठ होतंच की तिथं," शेवटी त्या म्हणाल्या. "आम्ही नवे राहायला आलो तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी बघायचे. हमाल पोती उतरवायचे, भिंतीला लावून. एक फाटलं तर दारात सगळीकडे पांढरं. मीठ होतं हे मला माहीत होतं गं. मिठानं भिंत ओली होते, हे कुणाला माहीत?"

"आम्ही कधी विचारलंच नाही."

"मग आमचा पाइप?"

"चांगला होता."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून, काकू."

काकूंनी सुरी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "ह्यांना शेवटचं दीड वर्ष त्या मोरीपाशी पुसून काढलं मी. उभं राहता यायचं नाही त्यांना. न्हाणीघरात भिंतीला दांडी होती धरायला, पण कुलूप आम्हीच लावलेलं. मी म्हटलं, उघडूया, कोण बघतंय. तर म्हणाले, नको. खाली म्हातारीला त्रास होतो म्हणतात ना, मग नको."

ताईनं मोरीपाशच्या पडद्याकडे पाहिलं.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "माझं चुकलं. जिन्यात मी जे बोलले ते..."

"आठवतंय मला काय बोललीस ते." काकूंचा आवाज चढला नाही. "तुला चहा विचारत नाही मी आज. राग म्हणून नाही. उठवत नाही मला. तू जा आता."

ताई खाली आली. आईनं विचारलं, "काय म्हणाली?" ताईनं सांगितलं, "काही नाही." आणि पिठाचा डबा भरायला घेतला. तो आधीच भरलेला होता.

*

दुपारी जिन्यातून हाक आली. "ताई!" त्या आवाजात हाक येऊन इतकी वर्षं झाली होती, की ताईला आधी कळलंच नाही कोण बोलावतंय.

काकू वरच्या पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या. "कुलूप उघडलं. पण नळ फिरत नाही. माझ्या हातात जोर नाही."

न्हाणीघरात कोंदट वास होता, बंद पेटीचा असतो तसा. नळाच्या चाकाभोवती पांढरा दगड धरला होता. पाण्यातला चुना थेंबाथेंबानं साठून आवळून बसला होता. भिंतीवर काकांची दांडी तशीच होती. ताईनं दोन्ही हातांनी जोर लावला, नळ हलला नाही.

"सिरका आहे का घरात?"

"आहे थोडा."

ताईनं चिंधी सिरक्यात भिजवून नळाला गुंडाळली. जरा वेळानं चिंधीतून बारीक चुरचुर ऐकू यायला लागली. हा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. कारखान्यात तो ऐकू आला की धावपळ व्हायची. इथं धावपळ करण्यासारखं काही नव्हतं. ती पालथ्या बादलीवर बसली, काकू उंबरठ्यावर पाट घेऊन बसल्या.

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास तरी."

अर्धा तास दोघी बसून होत्या. काकू मध्येच म्हणाल्या, "नवी फरशी घातली ती ह्यांना आवडली होती. वर्षभरच वापरली." मग, "तुझे हात असे कशानं झाले?" ताईनं कारखान्याचं सांगितलं. काकूंनी तिचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला, बाजारातल्या भाजीसारखा, आणि परत तिच्या मांडीवर ठेवून दिला. "काहीतरी लावत जा."

चिंधी सोडली तेव्हा पांढरा दगड ओल्या खडूसारखा झाला होता. ताईनं जुन्या दात घासायच्या ब्रशनं तो खरवडला आणि चाक फिरवलं. पाइपमध्ये आधी नुसतीच खोकल्यासारखी घरघर झाली. मग तांबडं पाणी आलं, मग पिवळसर, मग स्वच्छ.

काकू त्या धारेकडे बघत उभ्या राहिल्या. पुढं होऊन त्यांनी धारेखाली हात धरला.

"जा आता," त्या म्हणाल्या. "मी अंघोळ करते."

ताई खाली पोचते न पोचते तोच मागच्या खोलीच्या भिंतीतून पाणी वाहिल्याचा आवाज आला. लांबलचक, सलग.

"ऐक! ऐक!" आई उशीवरून अर्धी उठली होती. "सोडलं बघ! मी म्हणत नव्हते?"

"सोडू दे, आई."

"सोडू दे काय? भिंत..."

"त्या अंघोळ करताहेत. अकरा वर्षांनी." ताईचा आवाज फुटला, आणि तो फुटला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. "काकांना त्यांनी स्वयंपाकघरात पुसून काढलं, मरेपर्यंत. तुला त्रास होतो म्हणून. आणि ते पाणी कधी इथं आलंच नव्हतं. एक थेंबसुद्धा नाही. आता तरी ऐकशील का?"

आईनं डोकं पुन्हा उशीला टेकलं. वरचं पाणी बराच वेळ वाहत होतं, आणि ते थांबेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी ताईनं जेवण आणलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काकांना काय झालं होतं शेवटी? कुणी मला नीट सांगितलंच नाही."

*

गवंडी पुन्हा आला. छातीएवढ्या उंचीपर्यंतचा सगळा गिलावा त्यानं पाडला आणि विटा कोरड्या ब्रशनं झाडल्या. पाणी मारायचं नाही म्हणाला. पाण्यानं मीठ आणखी आत जातं. मग टबात कागद भिजवून त्याचा लगदा करायचा, तो बोटभर जाडीचा विटांवर थापायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. वाळताना विटेतलं मीठ लगद्यात उतरतं, मग लगदा काढून टाकायचा आणि नवा थापायचा. असं तीन-चार वेळा.

"म्हणजे गेलं मीठ?" ताईनं विचारलं.

"सगळं नाही जात. कमी होतं. इतक्या वर्षांचं आहे."

कागद ताईच्या घरात नव्हता. दुसऱ्याच दिवशी काकूंनी काकांच्या छापखान्यातले कोरे, पिवळे पडलेले गठ्ठे दोरीनं जिन्यातून खाली सोडले. आईचा पलंग पुढच्या खोलीत आला, आई त्यावर बसून कागद फाडायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. हात चालतात तोवर चालवायचे, म्हणाली.

दुसरा लगदा वाळत होता त्या रविवारी काकू खाली आल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी. आधी मागच्या खोलीत जाऊन त्यांनी भिंत पाहिली. लगद्यावर बारीक सुयांसारखे पांढरे कण आले होते. त्यांनी बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि मान हलवली. मग पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आईनं वर पाहिलं. इतकी वर्षं एका छताचं अंतर होतं, पण आई जिना चढू शकत नव्हती आणि काकू तिच्या दारी येत नव्हत्या.

"किती म्हातारी झालीस गं," आई म्हणाली.

"तू काय परकर-पोलक्यात आहेस का?"

"दात?"

"खालचे चार आहेत. तुझे?"

"सगळे कवळीचे. दाखवू?"

"नको. राहू दे."

काकू पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या. आई कागद फाडत राहिली. बऱ्याच वेळानं, हातातल्या तुकड्याकडे बघत, ती म्हणाली, "मला कुणी काही सांगितलं तरी मी ऐकलं नसतं तेव्हा."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"हे जे म्हणतात हवेतलं पाणी वगैरे, ते मला अजून पटत नाही."

"तेही माहीत आहे."

आईनं गठ्ठ्यातले चार कागद उचलून काकूंच्या मांडीवर ठेवले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि फाडायला घेतले. आईनं मग काकांचं विचारलं, आणि काकू सांगायला लागल्या. सावकाश, पहिल्या तापापासून. त्यात कधी नुसता कागदाचा आवाज, कधी आईचा खोकला.

ताई टबाशी बसून कागद कुस्करत होती. पाणी कोमट होतं आणि तिची फुटलेली बोटं त्यात चुरचुरत नव्हती. उठून चहा टाकायला हवा, असं तिच्या मनात आलं. तिनं पाठ भिंतीला टेकली, एक मिनिटभर. हात टबातच होते, बाह्या भिजत होत्या, आणि त्या दोघींचं बोलणं संपायच्या आतच तिला झोप लागली.

"ताईला उठवू नकोस," आई म्हणाली. "तिला उद्या कामावर जायचंय."